नवा पत्रा, जुना नंबर

एसटी गाडीचा नंबर चासीबरोबर राहतो. बॉडी बदलली तरी तो बदलत नाही. माळशेज घाट चढून कल्याण–अहिल्यानगर रस्त्याने मढला आलेल्या गाडीचा पत्रा, रंग, आसने नवी आणि नंबर मात्र जुन्या मालिकेतला दिसतो, तो यामुळेच.

महामंडळ चासी विकत घेऊन बॉडी स्वतःच्या मध्यवर्ती कार्यशाळांत बांधत आले. या कार्यशाळा तीन: दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा. पासिंग बहुधा तिथल्याच आरटीओत होई. म्हणून दापोडीची गाडी एमएच १४, चिकलठाण्याची एमएच २०, हिंगण्याची एमएच ४०. नंबरावरून आगार कळत नाही, गाडीचे जन्मगाव कळते. जुन्नर-आंबेगावातल्या पिकअप आणि मोटारसायकलीही एमएच १४च्याच, त्यामुळे मढच्या थांब्यावर दापोडीची एसटी घरची वाटते. एमएच ४० दिसली की ती नागपूरकडून आली असे वाटते, पण ती जवळच्याच आगाराची असू शकते.

२०१८च्या सुमारास महामंडळाने जुन्या चासींवरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या बॉड्या उतरवून माइल्ड स्टीलच्या चढवायला घेतल्या. अपघातात अ‍ॅल्युमिनियम लवकर चेपते, पोलाद अधिक तग धरते. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ नुसार असा बदल आरसी बुकात नोंदवावा लागतो. नंबर आणि पहिल्या नोंदणीची तारीख तीच राहते. हे प्रवाशाच्या भल्याचेच आहे. रंग नवा झाला तरी घाट चढते ती जुनीच चासी, आणि आठ वर्षांपुढच्या गाडीला दरवर्षी लागणारे योग्यता प्रमाणपत्र तिच्या खऱ्या वयावरच ठरले पाहिजे.

ब्रिटनमध्ये जुना नंबर उलट कामाला येतो. तिथल्या पाटीवरून नोंदणीचे वर्ष ओळखता येते, म्हणून कोचमालक वर्ष न सांगणारे जुने नंबर, विशेषतः उत्तर आयर्लंडचे, घेऊन गाडीचे वय झाकतात. गाडी आहे त्याहून नवी भासवणारा नंबर लावायला मात्र कायद्याची मनाई आहे. लंडनच्या रूटमास्टर बसचे काही नंबरही नंतरच्या बसवर चढले.

एसटीच्या नंबराला आता मुदत आहे. १ एप्रिल २०२३पासून पंधरा वर्षे पूर्ण केलेल्या सरकारी वाहनांची नोंदणी रद्द होते, आणि त्यात राज्य परिवहनाच्या बसही येतात. बॉडी कितीही धडधाकट असली तरी ती गाडी भंगारात जाते आणि मार्गावर वेगळ्या नंबराची गाडी लागते.