गाडी जुनी, हात जाणते

जुन्या मोटारीबद्दल घरात नेहमी दोन मते असतात. आजोबा म्हणतात, जुने ते सोने. मुलगा म्हणतो, दारात हत्ती पोसायचा कशाला? दोघांचेही थोडेथोडे खरे असते. पण सोन्यात आणि मोटारीत एक मोठा फरक आहे. सोने डब्यात बंद करून ठेवले तरी ते सोनेच राहते. मोटार ताडपत्रीखाली झाकून ठेवली, की चार पावसाळ्यांत तिचे भंगार होते. तिला पेट्रोल लागते, तेल लागते आणि त्याहून जास्त लागतो तो जाणत्या माणसाचा हात.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या पट्ट्यात आजही कितीतरी वाड्यांच्या पडवीत, मळ्यातल्या शेडमध्ये एखादी फियाट किंवा अँबॅसिडर उभी आहे. कुणाच्या लग्नाची वरात तिच्यातून निघालेली असते, कुणी जन्मल्यावर तिच्यातूनच दवाखान्यातून घरी आलेला असतो. तिचे काय करायचे, हा प्रश्न अनेक कुटुंबांसमोर आहे. त्यांच्यासाठीच हा लेख.

तीन गाड्या, तीन पिढ्या

आपल्याकडच्या मोटारींचा इतिहास तसा आटोपशीर आहे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने मोटारी बनू लागल्या. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाईट आली. सत्तरच्या दशकात तिचेच नाव प्रीमियर पद्मिनी झाले. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगखालीच गिअरचा दांडा आणि मागे कमानपाटे, असा तिचा साधा थाट. नाव पद्मिनी झाले तरी लोकांच्या तोंडी ती शेवटपर्यंत फियाटच राहिली.

दुसरी अँबॅसिडर. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड मोटारीवर बेतलेली ही गाडी पश्चिम बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यात १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत तयार होत होती. तिसरी मारुती ८००. तिची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. ज्या मारुतीने फियाटला म्हातारी ठरवले, तिच्या पहिल्या गाड्यांनी आता स्वतःच चाळिशी ओलांडली आहे!

मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा निरोप तर अनेकांनी वर्तमानपत्रात वाचला असेल. तिथे टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा आहे. ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदवलेल्या शेवटच्या पद्मिनीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि एक पर्व संपले. ती बातमी वाचून आपल्याकडेही अनेकांनी घरची गाडी विकायला काढली. पण टॅक्सीचा नियम वेगळा आणि घरगुती मोटारीचा वेगळा, हे आधी समजून घेतले पाहिजे.

१५ वर्षे झाली म्हणजे मोडीतच?

असे मुळीच नाही. दिल्ली परिसरातील निर्बंधांच्या बातम्या ऐकून हा समज पसरला आहे. आपल्याकडे खासगी मोटारीची १५ वर्षांची नोंदणी संपली, की गाडी आरटीओकडे तपासणीला न्यायची, हरित कर भरायचा आणि गाडी योग्य ठरली तर पुढच्या ५ वर्षांसाठी नूतनीकरण करून घ्यायचे. मात्र हे आता स्वस्त राहिलेले नाही. पूर्वी नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपये होते, ते एप्रिल २०२२ पासून ५००० रुपये झाले. २० वर्षांपेक्षा जुन्या मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० रुपयांवर नेण्यात आले. त्यामुळे गाडी ठेवायची की नाही, हा निर्णय डोळे उघडे ठेवून घ्यावा.

५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या खासगी गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ नोंदणीचा वेगळा नियम केला. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे. पण अशी नोंदणी केली की गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. आठवड्याला बाजारात जायला गाडी हवी असेल, तर नेहमीचे नूतनीकरणच बरे.

सीमाभागातल्या लोकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कोल्हापूरच्या काकांची किंवा गोव्याच्या मामांची गाडी प्रेमाने मिळाली, तरी ती १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ कर्नाटकात ठेवायची असेल तर मूळ आरटीओचे ना-हरकत पत्र आणून इथे नोंदणी करावी लागते, इथला करही भरावा लागतो. गाडी घरी आणण्याआधी हा हिशेब करावा.

नाडीपरीक्षा

आजच्या गाडीत बिघाड झाला, की मेकॅनिक संगणक जोडतो आणि पडद्यावर आकडा उमटतो. जुन्या गाडीला असे काही नाही. तिथे मिस्त्रीचे कान, नाक आणि बोटे हाच संगणक. आणि ही विद्या वाटते तेवढी गूढ नाही. घरच्या माणसालाही थोडीफार येऊ शकते.

आधी धूर पाहावा. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल जळते आहे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील किंवा व्हॉल्व्हकडून ऑइल उतरत असेल. काळा धूर म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जाते आहे, कार्बोरेटर किंवा चोक पाहावा. थंडीच्या सकाळी क्षणभर पांढरी वाफ दिसली तर घाबरू नये. पण ती थांबेचना आणि ऑइलच्या झाकणाला आतून दुधासारखा फेस आला, तर ऑइलमध्ये पाणी शिरल्याची, बहुधा हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्यावी.

मग स्पार्क प्लग काढून पाहावा. टोक बदामी रंगाचे असेल तर गाडीची तब्येत उत्तम. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त. पांढरेफटक असेल तर पेट्रोल कमी पडते आहे आणि इंजिन तापते आहे. वैद्याने जीभ पाहावी, तसाच हा प्रकार आहे.

सकाळी गाडी सुरूच होत नसेल तर अनेकदा दोष डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा असतो. तिथली फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. पॉइंट जळून खडबडीत झाले किंवा फट कमीजास्त झाली, की ठिणगी नीट पडत नाही. बारीक कानशीने किंवा पॉलिश पेपरने पॉइंट घासून फट पुन्हा जुळवली, की तीच गाडी पहिल्या किल्लीला बोलते.

उन्हाळ्यात चोर्ला किंवा आंबोलीचा घाट चढताना गाडी अचानक बंद पडते, तेव्हा बहुधा उष्णतेने पेट्रोलची वाफ झालेली असते आणि पंप ती ओढू शकत नाही. पंपावर ओले फडके ठेवून थोडा वेळ थांबणे हा जुन्या ड्रायव्हरांचा उपाय आजही चालतो. मात्र रेडिएटरचे झाकण गाडी गरम असताना कधीही उघडू नये. उकळते पाणी तोंडावर येते. पेट्रोलजवळ काम करताना बिडी-सिगारेट दूर ठेवावी, हे वेगळे सांगायला नको.

पाऊस आणि पेट्रोल

आपल्याकडच्या गाडीचा मोठा शत्रू म्हणजे पाऊस. गंज वरून दिसतो तेव्हा आतून तो कधीच पोसलेला असतो. दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी निथळण्यासाठी बारीक भोके असतात. ती मातीने बुजली की पाणी आत साचते आणि पत्रा कुजतो. मे महिन्यात एकदा ती तारेने मोकळी करावीत, पायाखालचे मॅट उचलून तळाचा पत्रा पाहावा. प्लास्टिकच्या ताडपत्रीत गाडी घट्ट गुंडाळली तर आतली ओल बाहेर जात नाही. वर छप्पर आणि चारी बाजूंनी वारा, हे सर्वात उत्तम.

दुसरी अडचण नवी आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. गंमत अशी, की आपला जिल्हा उसाचा, आणि इथेनॉलही आपल्याच उसाच्या मळीपासून, रसापासून होते. शेतकऱ्याला त्याचा फायदा, पण शेतकऱ्याच्याच जुन्या फियाटला ते पचत नाही! इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते. त्याने टाकी आतून गंजते, जुन्या रबरी नळ्या फुगतात, चिरतात, पंपाचा पडदा आणि बुचाचे गॅस्केट खराब होते. यावर उपाय आहेत. इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या नळ्या बसवाव्यात, पंपाचा पडदा बदलून घ्यावा, कार्बोरेटरचे सेटिंग जाणत्या माणसाकडून पाहून घ्यावे. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकीत जुने पेट्रोल साठवून ठेवू नये. पेट्रोलचा वास गाडीत येऊ लागला तर त्याच दिवशी नळी तपासावी, कारण तिथे आगीचा धोका आहे.

बाकी पथ्ये सोपी. आठवड्यातून एकदा इंजिन चांगले गरम होईपर्यंत गाडी फिरवावी. नुसती जागेवर सुरू करून बंद करू नये. ब्रेक ऑइल ओल धरते, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावे. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी त्याचे वय पाहावे. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. १२२१ असे असेल तर तो २०२१ च्या बाराव्या आठवड्यातला.

मिस्त्रींनंतर कोण?

धर्मस्थळला जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी तिथले जुन्या मोटारींचे संग्रहालय पाहिले असेल. श्रीरंगपट्टणजवळ ‘पयण’ नावाचे मोठे संग्रहालयही उभे राहिले आहे. पयण म्हणजे प्रवास. असे संग्रह हवेतच. पण कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपतींच्या घराण्याची मेबॅक मोटार रस्त्यावरून चालत येते, तेव्हा अंगावर जो काटा येतो तो वेगळा. ती चालते, कारण तिला चालती ठेवणारी माणसे आहेत.

आपल्या गाड्यांना चालत्या ठेवणारी माणसे मात्र आता साठी-सत्तरीत आहेत. दुकानात न मिळणारे बुश लेथवर करून घ्यायचे, एका गाडीचे बेअरिंग दुसऱ्या गाडीला चालते हे लक्षात ठेवायचे, हे सारे त्यांच्या डोक्यात आहे. कागदावर कुठेच नाही. उद्यमबागेसारखी ओतकामाची आणि यंत्रकामाची पेठ आपल्या गावात आहे. तिथे क्रँकशाफ्ट घडवणारे हात आहेत. पण जुन्या गाडीला नेमके काय हवे, हे सांगणारा माणूसच उद्या नसेल तर त्या लेथचा काय उपयोग?

आपल्या गॅरेजची भाषाही ऐकण्यासारखी आहे. मिस्त्री मराठीत ‘नट जरा आवळ’ म्हणतात आणि दुसऱ्या पोराला ‘स्वल्प बिगि माडु’ म्हणतात. इकडे ‘सैल’, तिकडे ‘सडिल’. ‘गाडी’ तर दोन्हीकडे गाडीच. कोणत्या भाषेत आवळला, हे त्या नटाला कळत नाही. तो नीट आवळला गेला, एवढेच त्याला कळते!

घरात जुनी गाडी असेल तर एक दोनशे पानी वही करावी. कोणता भाग कधी बदलला, कुठून आणला, कोणत्या मापाचा बसला, मिस्त्रींनी काय सांगितले, ते सारे तारखेसह त्या वहीत लिहावे. मराठीत लिहा की कन्नडमध्ये, ज्याला जे सोपे ते. रविवारी गॅरेजमध्ये जाताना मुलाला, आणि मुलीलाही, बरोबर न्यावे. प्लग काढायला, ऑइल पाहायला त्यांना शिकवावे. हात काळे होतील, होऊ द्यावेत. कन्नडमध्ये म्हणतातच, ‘कै केसरादरे, बायि मोसरु’. हात चिखलात घातला तर तोंडाला दही मिळते.

जमणारच नसेल, तर गाडी शेडमध्ये कुजवण्यापेक्षा ती चालती ठेवील अशा माणसाला द्यावी. त्यातही कमीपणा नाही. पण ठेवायची असेल, तर मिस्त्रींचा हात चालतो आहे तोवरच त्यांच्याकडून शिकून घ्यावे. सुटा भाग उद्याही कुठेतरी मिळेल. तो बसवणारा हात मात्र आजच तयार केला पाहिजे.