डक्टमधल्या वाऱ्याचं गणित

क्राइस्टचर्चच्या टाउन हॉलमध्ये व्हायोलिनचा पहिला हळुवार सूर लागतो, तेव्हा प्रेक्षकांसाठी ताजी हवाही वाहत असावी लागते. ती कानाला कळता मात्र कामा नये.

हे सभागृह ३० सप्टेंबर १९७२ रोजी खुलं झालं. संगीत बाजूच्या भिंतींवरून परतून आलं तर श्रोता त्यात वेढला जातो, हा न्यूझीलंडचे ध्वनितज्ज्ञ हॅरल्ड मार्शल यांचा विचार इथे साकारला. २०११च्या भूकंपानंतर बंद पडलेलं सभागृह २०१९ मध्ये पुन्हा गाजू लागलं. एवढ्या कष्टाने कमावलेली शांतता हवेच्या एका डक्टने सहज घालवता येते.

पंख्याची घरघर डक्टमध्ये बसवलेला सायलेन्सर बरीचशी शोषतो. गोम त्याच्या पुढे आहे. वळणावर, हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेवर म्हणजे डॅम्परवर, शेवटच्या जाळीवर हवा आदळते, भोवरे उठतात आणि शांत झालेला डक्ट नव्याने सूं-सूं करू लागतो. पावसाळी वाऱ्यात खिडकीची फट वाजते, तसंच काहीसं.

हा आवाज इमारत उभी राहण्याआधी कसा सांगायचा? १९८१ मध्ये इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या फिलिप नेल्सन आणि क्रिस्टोफर मॉर्फी यांनी फार सुंदर वाट दाखवली. अडथळ्यावर हवेचा जो स्थिर जोर पडतो, त्याच्या प्रमाणातच त्या जोरातली थरथर असते, असं त्यांनी धरलं. आवाज या थरथरीतून जन्मतो. स्थिर जोर कळतो अडथळ्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातल्या फरकावरून, आणि तो फरक इंजिनिअर पंखा निवडताना मोजतातच! म्हणजे आवाजाची किल्ली आधीपासूनच त्यांच्या कागदावर होती.

वेगाचा हिशेब मात्र कठोर आहे. ६० सेंटीमीटर रुंदीच्या चौकोनी डक्टमध्ये साधारण २८५ हर्ट्झच्या खाली ध्वनिशक्ती वेगाच्या चौथ्या घाताने वाढते, तर त्याच्या बऱ्याच वर सहाव्या घाताने. वेग दुप्पट केला, तर खालच्या सुरांत सुमारे १२ डेसिबलची भर पडते, वरच्या सुरांत १८ची. उलट वेग निम्मा करायचा, तर तेवढ्याच हवेसाठी डक्टचं क्षेत्रफळ दुप्पट लागतं. छतामागे तेवढी जागा आराखड्यातच राखावी लागते. नंतर ती मिळत नाही.

वर्ग, कचेऱ्या, सभागृहं आतून किती शांत असावीत, यासाठी न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाचं एकच मानक आहे. पण मापात बसलेला डक्टही चाचणीच्या दिवशी बिघडू शकतो. एका खोलीत हवा जास्त येते म्हणून जाळीजवळचा डॅम्पर अर्धा मिटवला जातो. दाबातला फरक वाढतो, त्याबरोबर आवाजही, आणि सायलेन्सर तर केव्हाच मागे राहिलेला असतो.