ज्येष्ठ अपत्य आणि भावंडसंगोपन : ऊसतोड कामगार कुटुंबांच्या संदर्भात

प्रस्तावना : थोरल्या अपत्याने धाकट्या भावंडांना सांभाळणे भारतीय कुटुंबात स्वाभाविक मानले जाते. ‘ताई’ व ‘दादा’ ही संबोधने मानाबरोबर कर्तव्यही सोपवितात. तथापि साहाय्य कोठे संपते व पालकत्वाचा भार कोठे सुरू होतो, हा शिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न होय.

संकल्पना : वाइसनर व गॅलिमोर या अभ्यासकांनी १९७७ मध्ये भावंडांकडून होणारे संगोपन ही जगातील अनेक समाजांतील रूढ पद्धत असल्याचे दाखविले. याउलट बोझोरमेनी-नाज व स्पार्क यांनी १९७३ मध्ये पालकाची भूमिका अपत्याकडे जाण्याच्या प्रक्रियेचे, म्हणजे ‘पालकीकरणा’चे, विवेचन केले. दोन्ही विचार परस्परविरोधी नाहीत. जबाबदारी वयाला झेपणारी आहे काय, तिला प्रौढांचा आधार आहे काय आणि ती किती काळ चालते, यांवर तिचा परिणाम अवलंबून असतो.

ऊसतोड कुटुंबांतील स्थिती : बीड व लगतच्या जिल्ह्यांतील अनेक कुटुंबे गळीत हंगामात पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे स्थलांतर करतात. पती-पत्नीची जोडी हा एक ‘कोयता’ समजला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असल्याने पहाटेच दोघांनाही फडावर जावे लागते. अशा वेळी कोपीवर तान्ह्या भावंडाजवळ बहुधा थोरली मुलगी थांबते. पाणी भरणे, भाकरी करणे, लहानग्यांना निजविणे ही कामे तिच्याकडे येतात. तिला मजुरी मिळत नसल्याने ती कामगार म्हणून मोजली जात नाही. आणि शाळा सुटल्याने विद्यार्थिनीही राहत नाही. बालकामगारविषयक कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनुसार मुलांनी कुटुंबाला मदत करण्यास मुभा आहे, परंतु ती शाळेच्या वेळेनंतर वा सुटीत. येथे ही अटच निरर्थक ठरते.

उपाययोजनांची मर्यादा : शिक्षण हक्क कायदा, २००९ हा ६ ते १४ वयोगटासाठी आहे. साखरशाळा व हंगामी वसतिगृहे यांचाही भर शाळकरी मुलांवरच राहिला. परंतु दोन वर्षांच्या भावाला कोण सांभाळणार, या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याखेरीज दहा वर्षांची बहीण वर्गात बसू शकत नाही. १९७५ पासून सुरू असलेली अंगणवाडी सहा वर्षांखालील बालकांसाठी असली, तरी तिची वेळ फडावरील दिवसाइतकी लांब नसते. म्हणून तळावर दिवसभराचे पाळणाघर ही केवळ बालकल्याणाची नव्हे, तर मुलींच्या शिक्षणाचीही पूर्वअट होय.

निष्कर्ष : अशा कुटुंबांतील काही मुली सर्व अडचणींतून महाविद्यालयापर्यंत पोहोचतात. त्यांची अनियमित उपस्थिती अनास्थेचे लक्षण मानण्यापूर्वी घरी त्यांच्यावर कोण अवलंबून आहे, याची चौकशी प्राध्यापकांनी करणे अगत्याचे आहे. थोरलेपणाचा गौरव करणाऱ्या समाजाने त्या थोरल्या मुलीचे बालपणही जपले पाहिजे.