धातू धरणारा पडदा आणि आपले गणित

परभणी जिल्ह्यात ज्यांच्या घरी विंधन विहिरीचे पाणी येते, त्यांना पाण्याचा जडपणा समजावून सांगावा लागत नाही. तुरीची डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पातेल्याच्या तळाशी पांढरा थर धरतो. काळ्या पाषाणातून झिरपताना पाण्यात उतरलेल्या कॅल्शियम व मॅग्नेशियम या धातूंच्या आयनांचा, म्हणजे विद्युतभारित अणूंचा, हा प्रताप. त्यावर उपाय म्हणून 'आरओ'चे जार घरोघरी पोचले. परंतु ते यंत्र अडवलेले क्षार बऱ्याच पाण्यासह गटारात सोडते. ज्या मराठवाड्यात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेथे ही उधळपट्टी सलल्यावाचून राहत नाही.

म्हणूनच पाण्यातील धातू नेमका टिपणाऱ्या पडद्याची वार्ता आकर्षक वाटते. अमेरिकेत बर्कली येथील संशोधकांनी २०२१ साली पॉलिमरच्या पातळ पडद्यात अतिसच्छिद्र कण मिसळले आणि त्या कणांवर गंधकयुक्त रासायनिक गट बसवले. पाऱ्याला गंधकाची ओढ फार. विजेच्या साहाय्याने इतर क्षार पडदा ओलांडून जातात, पारा मात्र कणांवर अडकतो. पुढे पडदा धुऊन तो पुन्हा वापरता येतो. ही कल्पना आपल्याला अगदीच परकी नाही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात जेमतेम तीन मायक्रोग्रॅम युरेनियम असते. ते टिपण्यासाठी तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ॲमिडॉक्झिम गट जोडलेले पॉलिमरचे कापड वापरून पाहिले आहे.

मग हा पडदा परभणीत आणावा काय? येथे थोडा हिशेब करावा लागेल. एक ग्रॅम कणांवर ढोबळमानाने १०० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटाइतका जडपणा मावतो असे धरू. पर्यायी स्रोत नसेल तर भारतीय मानकाने लिटरला ६०० मिलिग्रॅमपर्यंत जडपणा चालवून घेतला आहे. तेवढ्या जड पाण्याचा पेलाभरही उपसा झाला नाही तोच त्या ग्रॅमभर कणांची जागा संपते. आता त्याच कणांवर २०० मिलिग्रॅम शिसे मावते असे समजू. पाण्यात शिसे ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे मानकाच्या मर्यादेच्या पाचपट असले, तरी तेवढे कण कागदावर ४,००० लिटरांना पुरतात. अट एकच : कॅल्शियमने आधी जागा बळकावता कामा नये. प्रवाशांनी तुडुंब भरलेल्या एसटीत आरक्षणवाल्याला त्याची जागा मिळावी, तसे हे आहे. त्या गंधकाचे मोल या आरक्षणातच आहे.

तात्पर्य, डाळ शिजावी म्हणून हा पडदा घेणे म्हणजे शुद्ध अपव्यय. शिसे, पारा असल्या लेशमात्र विषांसाठी, कारखान्याच्या सांडपाण्यासाठी तो मोलाचा. आपल्याकडे मात्र यंत्र आधी येते आणि पाण्याची तपासणी नंतर, कित्येकदा तीही होत नाही. जडपणाच्या पाण्याला धातूचा पडदा आणि विषारी पाण्याला नुसती वाळूची गाळणी, असा उफराटा व्यवहार सार्वजनिक पैशातून होणे अशक्य नाही. तेव्हा ग्रामपंचायतीने दरपत्रके मागवण्यापूर्वी प्रयोगशाळेचा धातूनिहाय अहवाल हाती घ्यावा. त्या दरपत्रकात आणखी एक बाब लिहून घ्यावी : पडदा आम्लाने धुतल्यावर निघालेले विषारी पाणी कोण, कोठे आणि कोणाच्या खर्चाने नेणार.