आईच्या खोलीतलं सागवान

गेल्या पावसाळ्यात हैदराबादला ताईकडे आई गुळगुळीत टाईल्सवर घसरली. हाड वाचलं, पण तेव्हापासून ती भिंत धरूनच चालायची. तिच्या खोलीपुरती लाकडी जमीन करायची असं ठरलं आणि दाजींबरोबर मी तिथल्या एका वखारीत गेलो.

"सगळ्यात कठीण लाकूड दाखवा," मी म्हणालो. प्राध्यापकाचं अज्ञान! मिस्त्री हसले. कठीणच हवं तर बाभूळ घ्या, म्हणाले. खरंच आहे, आपल्याकडे बैलगाडीची चाकं बाभळीची असत. पण तिच्या लांब पट्ट्या वाकतात, चिरतात. हैदराबादला मे महिन्यात चाळीस अंशांवरचं कोरडं ऊन आणि जुलैपासून ओल, त्यामुळे लाकूड आकसतं आणि फुगतं. साग कठीणपणात मध्यमच, पण फार हलत नाही. अंगच्या तेलामुळे त्याला वाळवीही सहजी लागत नाही. मात्र तो गाभ्याचा हवा, कडेचा पांढरट भाग नको. विकताना दोन्ही एकाच भावात खपवतात, तेव्हा फळी उलटून पाहावी.

तेलुगूत सागाला 'टेकू' म्हणतात. आपल्या मराठी कानाला गंमत वाटते, पण तुळईला टेकू द्यायला सागच लागतो की! हैदराबादेत बल्लारशाच्या सागाचं नाव मोठं. अयोध्येच्या राममंदिराचे दरवाजेही त्याच सागाचे आणि घडवले हैदराबादच्या एका कंपनीने. भाव ऐकून मात्र आम्ही चहा मागवला.

तेवढ्यात दाजी म्हणाले, "हळे तेग छलो इरतद." दाजी कन्नड, मोजकंच बोलणारे. भालकीला आमचा पडका वाडा उतरवल्यापासून त्याच्या सागवानी तुळया काकांच्या गोठ्यात पडून होत्या. साठ-सत्तर वर्षं वाळलेलं लाकूड, आणखी काय आकसणार?

काका आधी तयार नव्हते. "आजोबांच्या तुळयांवर पाय द्यायचा?" आई फोनवर म्हणाली, "भावजी, आयुष्यभर त्यांच्याखाली झोपले. आता वर झोपते."

करवतीआधी एकूणएक खिळा काढावा लागला, त्यात दोन दिवस गेले. पट्ट्या पंधरा दिवस त्याच खोलीत ठेवल्या, हवा अंगी लागावी म्हणून. भिंतीलगत बोटभर फट सोडून वर पट्टी मारली. चकचकीत पॉलिश नको म्हणून नुसतं तेल दिलं. पाणी सांडलं की लगेच पुसावं लागतं, हा एक ताप आहेच.

परवा गेलो तेव्हा आई भिंत न धरता दारापर्यंत आली. एका पट्टीवर खिळ्याचं काळं भोक राहिलंय. ते बुजवू नका म्हणते.