फिल्टर बदलला, पाणी मात्र येतंच

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूरच्या आकाशात विमानं उडवली. ढगांच्या तळाशी कॅल्शियम क्लोराईडचे बारीक कण सोडायचे आणि त्यांच्याभोवती थेंब मोठे होऊन पाऊस वाढतो का ते मोजायचं, असा तो ‘कायपीक्स’ प्रयोग होता. वाऱ्याच्या पुढच्या बाजूच्या पट्ट्यात सरासरी १८ टक्के जादा पाऊस पडल्याचा निष्कर्ष संस्थेनं काढला. पर्जन्यछायेतल्या जिल्ह्यात हवेतून पाणी काढणं एवढं खटाटोपाचं काम आहे. त्याच जिल्ह्यातल्या कुठल्याही वॉशिंग सेंटरमध्ये मात्र ते न मागता मिळतं, आणि तिथे ते कुणालाच नको असतं.

मोटार धुऊन झाली की आरशांच्या, दिव्यांच्या आणि दारांच्या फटींत अडकलेलं पाणी हवेच्या गननं उडवतात. पावसाळ्यात ही गनच तुषार मारू लागते. पुसलेल्या काचेवर पुन्हा ठिपके उठतात. नट खोलायची हवेवरची गन आतून गंजते. गाडी उचलणाऱ्या लिफ्टमध्ये हवेच्या दाबानं तेल वर ढकललं जातं. त्या तेलात पाणी मिसळलं की ते दुधाळ होतं. यावर मेकॅनिकचं ठरलेलं निदान असतं: “शेठ, फिल्टर गेलाय.” नवा फिल्टर बसतो, दोन दिवस बरे जातात आणि पाणी पुन्हा सुरू होतं.

यात फिल्टरचा दोष बहुधा नसतोच. फिल्टर थेंब अडवतो. बाष्प म्हणजे वायू, ते हवेबरोबर त्याच्यातून सहज निघून जातं आणि पुढे पाईपात गारवा मिळाला की तिथे त्याचं पाणी होतं. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसा पाईपाला आतून फुटतो. म्हणून पाणी येऊ लागलं की फिल्टरकडे वळण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: आपली हवा नेमकी कुठे थंड होते?

थोडा हिशेब केला की हे उघड होतं. एक घनमीटर जागेत जास्तीत जास्त किती बाष्प राहू शकतं, हे तिथल्या तापमानावर ठरतं. त्या जागेत हवा किती कोंबली आहे, यानं त्यात जवळजवळ काहीच फरक पडत नाही. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांनी १८०१ च्या सुमारास वायूंच्या मिश्रणाचा जो नियम मांडला, त्यातून हे येतं. २८ अंश सेल्सिअसला ही मर्यादा २७ ग्रॅम आहे, ४२ अंशांना सुमारे ५७. मेकॅनिक ज्याला १०० पौंड प्रेशर म्हणतात, तो दाब साधारण ७ बार. तेवढ्या दाबासाठी बाहेरची ८ घनमीटर हवा एका घनमीटरमध्ये बसवावी लागते. हवा आठपट दाटते, तिच्याबरोबर बाष्पही आठपट दाटतं, पण मर्यादा जिथल्या तिथेच राहते. उरलेल्याचं पाणी होण्यावाचून गत्यंतर नसतं.

आता सोलापूरची हवा घ्या. मे महिन्याच्या दुपारी ४२ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर बाहेरच्या घनमीटरभर हवेत जेमतेम साडेआठ ग्रॅम बाष्प असतं. आठपट केलं तर ६८ ग्रॅम. त्यातलं ५७ ग्रॅम बाष्प म्हणूनच राहू शकतं. पाणी सुटतं अकरा-बारा ग्रॅम. सप्टेंबर हा सोलापुरात सर्वाधिक पावसाचा महिना. तेव्हा २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता धरली तर एका घनमीटरमध्ये २३ ग्रॅम बाष्प, आठपट १८५. मर्यादा २७ ची, म्हणजे १५८ ग्रॅम पाणी. पाच हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर मिनिटाला साधारण ५०० लिटर हवा ओढतो. तो तासभर सलग चालला, तर मेमध्ये ४०-४५ ग्रॅम पाणी निघेल आणि सप्टेंबरात जवळपास ६०० ग्रॅम. मशीन तेच, टाकी तीच, फिल्टर तोच. पाणी मात्र चौदापट.

वॉशिंग सेंटरची आणखी एक खोड आहे. दिवसभर फवारे उडतात, फरशी कायम ओली असते आणि कॉम्प्रेसर बहुतेकदा त्याच शेडच्या कोपऱ्यात बसवलेला असतो. तिथली हवा ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेची असेल, तर बाष्प २५ ग्रॅम भरतं. म्हणजे बाहेर मे महिन्याचा कोरडा फुफाटा असला, तरी कॉम्प्रेसर सप्टेंबरची हवा ओढत असतो. तो भिंतीपलीकडे सावलीत हलवला किंवा हवा ओढायची नळी कोरड्या बाजूला काढली, तर उन्हाळ्यातली तक्रार जवळजवळ फुकटात मिटते.

हे पाणी सुटतं कुठे? दाबल्यामुळे हवा तापते. पिस्टनच्या कॉम्प्रेसरमधून ती दीडशे अंशांच्या आसपास बाहेर पडू शकते. इतक्या गरम हवेत सगळं बाष्प आरामात राहतं. ती टाकीत आली की निवू लागते. सप्टेंबरातली आपली हवा टाकीतच २८ अंशांपर्यंत निवली, तर सगळंच्या सगळं १५८ ग्रॅम पाणी टाकीच्या तळाशी बसेल आणि पाईप कोरडा राहील. पण टाकी ४५ अंशांवर असेल तर ६५ ग्रॅम बाष्प तिथून निसटतं, आणि पुढे त्यातल्या ३८ ग्रॅमचं पाणी पाईपात होतं. टाकी ५५ अंशांवर गेली तर पाईपात पडणारं पाणी दुप्पट, ७७ ग्रॅमवर जातं. टाकी जितकी गरम, तितकं गनमधून पाणी जास्त.

टाकी गरम होण्याची कारणंही साधी असतात. कुठेतरी हवा गळते, म्हणून कॉम्प्रेसर थांबतच नाही. पंपाच्या पंख्यावर आणि नळीच्या पात्यांवर तेलकट धूळ बसलेली असते. पत्र्याच्या शेडखाली वारा खेळत नाही. किंवा तळाचा कॉक कित्येक दिवसांत कुणी उघडलेलाच नसतो. टाकीचा बराचसा भाग पाण्यानं भरतो, हवेला जागा कमी उरते, पंप सारखा चालू-बंद होतो आणि आणखी तापतो. पाणी साचल्यामुळे पाणी वाढतं, असं हे चक्र आहे.

पाणी कधी येतं, यावरून कारणाचा माग काढता येतो. सकाळी पहिल्यांदा गन दाबली की भसकन येऊन थांबत असेल, तर ते रात्री निवलेल्या पाईपाच्या खोलगट भागात साचलेलं पाणी. दुपारी गिऱ्हाईकांची गर्दी झाल्यावर सुरू होत असेल, तर टाकी तापली आहे. दिवसभर एकसारखं येत असेल, तर टाकीच पाण्यानं भरली आहे. आणि एकाच गनमधून येत असेल, तर त्या फाट्याचा पाईप मुख्य पाईपाच्या खालच्या अंगानं काढलेला आहे का, ते पाहावं. तळाशी वाहणारं पाणी आधी त्याच फाट्यात उतरतं.

एक वेगळा संशयितही आहे. फोम वॉशसाठी हवा साबणाच्या पाण्यात सोडतात. तिथला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह अडकला, तर कॉम्प्रेसर बंद असताना साबणाचं पाणी उलटं हवेच्या पाईपात शिरतं. हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. गनमधून आलेले थेंब स्वच्छ काळ्या काचेवर वाळू द्यावेत. हवेतून सुटलेलं पाणी पावसाच्या पाण्यासारखं क्षाररहित असतं. वाळल्यावर फार तर गंजाचा किंवा तेलाचा पुसट डाग राहील. बोअरचं जड पाणी असेल, तर पांढरी कड उमटते, आणि साबण असेल तर बोटाला बुळबुळीत लागतो. पांढरी कड दिसली, तर हवा वाळवण्यावर खर्च करण्याऐवजी तो व्हॉल्व्ह बदलावा.

काचेवर पांढरी कड किंवा साबण नसेल, तर उपाय हवेच्या वाटेनं क्रमानं करावेत. तळाचा कॉक रोज संध्याकाळी उघडायचा, पावसाळ्यात दिवसातून दोन-तीनदा. निघणारं पाणी तेलकट असतं, ते गटारात न सोडता वापरलेल्या तेलाच्या डब्यात जमा करावं. मग गळती शोधायची. जोडांवर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे जागा दाखवतात. पंप आणि टाकी यांच्यामध्ये पंखा लावलेला आफ्टरकूलर बसवला, की हवा टाकीत शिरण्याआधीच निवते. त्यापुढचा पाईप धातूचा असावा, दर मीटरला एखादा सेंटिमीटर उतार द्यावा, फाटे वरच्या अंगानं काढून खाली वळवावेत आणि सगळ्यांत खालच्या टोकाला कॉक ठेवावा. फिल्टर टाकीला चिकटवून न बसवता गनच्या जवळ बसवावा. तिथे हवा निवून बाष्पाचे थेंब झालेले असतात, आणि थेंब पकडण्यात तो तरबेज आहे.

एवढं करून काचा ओल्या राहिल्या, तरच ड्रायरचा विचार. फ्रीजच्या तत्त्वावर चालणारा ड्रायर दाबाखालची हवा सुमारे ३ अंशांपर्यंत थंड करतो. मग घनमीटरमागे ६ ग्रॅम बाष्प उरतं आणि सोलापूरच्या कुठल्याही ऋतूत त्याचं पाईपात पाणी होत नाही. दाबाच्या हवेच्या शुद्धतेचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ८५७३, त्यात ही ओलाव्याबाबतची चौथी श्रेणी. पेंटिंग बूथला ती लागते; नुसत्या टायरमध्ये हवा भरणाऱ्याला एवढा खर्च परवडणारा नाही. ड्रायर घेताना त्यावर लिहिलेली क्षमता किती तापमानाच्या हवेसाठी आहे, ते जरूर वाचावं. बहुधा ३५ ते ४० अंश धरून ती लिहिलेली असते. पत्र्याखाली तापलेल्या टाकीला तो थेट जोडला, तर क्षमता बरीच घटते आणि दोष ड्रायरवर येतो.

एका बाबतीत चालढकल नको. तळाचं पाणी टाकीला आतून गंजवत असतं आणि बाहेरचा रंग शाबूत असल्यामुळे पत्रा किती झिजला ते कळत नाही. ७ बार दाबाच्या २२० लिटरच्या टाकीत जवळपास दोन लाख ज्यूल ऊर्जा साठलेली असते. एक टनाची मोटार वीस मीटर उंच उचलायला तेवढी पुरते. कारखान्यांतल्या दाबाच्या टाक्यांसाठी १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ३१ होतं. छोट्या वॉशिंग सेंटरवर तपासनीस येवो न येवो, टाकीची पाण्याच्या दाबानं चाचणी करून घेणं आणि सेफ्टी व्हॉल्व्ह चालू ठेवणं मालकाच्याच हिताचं आहे. हवेच्या लाइनला पीव्हीसी पाईप लावण्याची काटकसरही टाळावी. तो उष्णता नीट बाहेर टाकत नाही आणि फुटला तर त्याच्या कपच्या उडतात.

आणि दुरुस्ती कुणाकडूनही करून घ्या, हिशेब मात्र महिना पाहून चुकता करावा. मे महिन्यात कुणी नवा फिल्टर बसवून “बघा शेठ, एक थेंब नाही” म्हणालं, तर ते खरंच असेल. बाहेरची कोरडी हवा ओढली जात असेल, तर जुन्या फिल्टरनंही क्वचितच थेंब दाखवला असता. शेवटचा हप्ता सप्टेंबरात, भर गर्दीच्या रविवारी दुपारी गन चालवून पाहिल्यावर द्यावा.