रिपोर्ट स्वच्छ, तरी दुखणं खरं

रमजान सुरू झाला की जुन्नरच्या पेठेत संध्याकाळी खजूर आणि फळांच्या गाड्या लागतात. गेल्या वर्षी त्या गर्दीतून मी मान खाली घालून घरी यायचो. माझा रोजा नसायचा.

काही महिन्यांपूर्वी आतड्याला पीळ पडून माझ्या पोटाची शस्त्रक्रिया झाली होती. टाके निघाले, मी पुन्हा शिकवू लागलो. मग पोटात आतून ओढल्यासारखी कळ येऊ लागली. नारायणगावच्या एसटीत धक्के बसले की ती वाढे. सोनोग्राफी मात्र स्वच्छ. मनाचं असेल, असं लोक म्हणू लागले.

डॉक्टरांनी समजावलं. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आतली जखम भरताना धाग्यांसारखे पट्टे तयार होतात. आतडी एकमेकांना किंवा पोटाच्या भिंतीला चिकटतात. बहुतेकांना त्रास होत नाही, काहींना वर्षानुवर्षं होतो. तपासणीत हे पट्टे सहसा दिसत नाहीत. ते कापायला पुन्हा पोट उघडलं, तर नवे तयार होऊ शकतात. म्हणून थोडं थोडं, नीट चावून खायचं, पाणी पीत राहायचं, रोज चालायचं. दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी भरपेट खाणं मला मना होतं.

मी ग्रंथालयाच्या कोपऱ्यात लपून पाणी प्यायचो. एक दिवस मराठीच्या मॅडमनी पाहिलं. म्हणाल्या, "सर, तुमच्यात आजाऱ्याला सूट असते ना? मग लपता कशाला?" अम्मीचंही तेच म्हणणं होतं, "बेटा, अल्लाहने दिलेली सवलत नाकारणं हीसुद्धा मिजासच."

कुराणातील सूरह बकराहमध्ये ही सवलत स्पष्ट आहे. आजारी माणसाने बरं झाल्यावर रोजे भरून काढावेत. बरं होण्याची आशाच नसेल, तर प्रत्येक रोजामागे एका गरजूला जेवण द्यावं. त्याला फिदिया म्हणतात.

आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी गांधीजींची अपेंडिक्सची शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली, ती कंदिलाच्या उजेडात पुरी झाली. नंतर गांधीजींनी जुहूला दीर्घ विश्रांती घेतली. सप्टेंबरमध्ये दिल्लीत मौलाना मोहम्मद अली यांच्या घरी त्यांनी हिंदू-मुस्लिम ऐक्यासाठी २१ दिवसांचा उपवास सुरू केला. उपवासावर एवढी श्रद्धा असलेल्या माणसानेही आधी शरीराला वेळ दिला होता.

एक मात्र ध्यानात ठेवा. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला कळांसोबत उलट्या होत असतील, पोट फुगलं असेल, वारा आणि शौच बंद असेल, तर आतडं अडकलेलं असू शकतं. इफ्तारची किंवा सकाळची वाट पाहू नका, लगेच रुग्णालय गाठा.

यंदाही माझे रोजे नाहीत. पण संध्याकाळी दस्तरखानावर मी सगळ्यांसोबत बसतो, शरबत ओततो. पाणी आता स्टाफरूममध्येच पितो. तुमच्या घरी कुणी रिपोर्ट स्वच्छ असूनही दुखतंय म्हणत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवा. निम्मं दुखणं तिथेच हलकं होतं.